ठाणे खाडीच्या नकाशावर हात ठेवण्याआधी: सीआरएस, पिक्सेल आणि भरतीची वेळ

महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कांत किंवा वागळे इस्टेटमध्ये जीआयएसच्या, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या, कामावर नव्याने रुजू होणाऱ्यांना रास्टर (पिक्सेलचं चित्र), व्हेक्टर (बिंदू-रेषांचा नकाशा), बँड (चित्रातला प्रकाशाचा एक पट्टा), लेयर (नकाशाचा एक थर) हे शब्द ठाऊक असतात. मुलाखतीत तेवढ्यावर निभावतंही. प्रत्यक्ष कामात मात्र प्रत्येक शब्दामागे एक आकडा असतो आणि तो चुकला तरी सॉफ्टवेअर गप्प राहतं. नकाशा देखणा दिसतो आणि क्षेत्रफळ खोटं निघतं. नव्या माणसाला सगळ्यात जास्त छळते ती सीआरएसची, म्हणजे नकाशातले आकडे पृथ्वीवरच्या जागेशी जोडणाऱ्या पद्धतीची, गफलत, म्हणून बाकी विषय थोडक्यात आटपून त्यावरच जास्त लिहितो.

ठाणे-नवी मुंबईच्या कामात तीन सीआरएस सतत भेटतात. प्रत्येकाला ईपीएसजी नावाचा क्रमांक असतो. ईपीएसजी ४३२६ म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ (पृथ्वीच्या आकाराचं जागतिक मानक) वरचे अक्षांश-रेखांश, एकक अंश. ईपीएसजी ३२६४३ म्हणजे यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे करून मोजणारी पद्धत) झोन ४३ उत्तर, एकक मीटर. हा झोन ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा, मध्यरेखा ७५. तिसरा ईपीएसजी ३८५७, वेब मर्केटर, ऑनलाइन नकाशांचा. क्यूजीआयएस या जीआयएस सॉफ्टवेअरच्या रिकाम्या प्रोजेक्टमध्ये आधी ओपनस्ट्रीटमॅपचा बेसमॅप टाकला की हा आपोआप प्रोजेक्टला चिकटतो. कोणता कुठला हे आकडे बघूनच ओळखता आलं पाहिजे. ठाणे शहरातला बिंदू ७२.९७, १९.२१ असा दिसला तर अंश. सुमारे २ लाख ८७ हजार आणि २१ लाख २५ हजार दिसले तर यूटीएम. पहिला आकडा ८१ लाखांच्या वर गेला तर वेब मर्केटर. हे तीन आकडे पाठ करा, रोज उपयोगी पडतील.

आता खरा सापळा. लेयरचा सीआरएस सांगणं आणि लेयर दुसऱ्या सीआरएसमध्ये नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. क्यूजीआयएसमधलं ‘सेट लेयर सीआरएस’ किंवा आर्कजीआयएसमधलं ‘डिफाइन प्रोजेक्शन’ फक्त पाटी लावतं, आतले आकडे जसेच्या तसे राहतात. आकडे बदलायचे असतील तर ‘रिप्रोजेक्ट लेयर’ किंवा ‘प्रोजेक्ट’ वापरावं लागतं. अंशातल्या लेयरला ‘मला मीटर हवेत’ म्हणून ३२६४३ ची पाटी लावली तर सॉफ्टवेअर ७२.९७ हे मीटर समजतं आणि तुमचं ठाणे विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला समुद्रात जातं. ३८५७ ची पाटी लावली तर आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात, शून्य-शून्यावर. लेयर असा गायब झाला तर नशीब समजा, चूक निदान लगेच कळते.

घातक प्रकार वेगळाच. लेयर ३८५७ मध्ये आहे, एकक मीटर दिसतंय, सगळं जागेवर बसलंय आणि तुम्ही क्षेत्रफळ काढता. वेब मर्केटरमध्ये अंतरं अक्षांशाप्रमाणे ताणली जातात. ठाण्याच्या अक्षांशावर हा ताण सुमारे ६ टक्के, म्हणजे क्षेत्रफळात सुमारे १२ टक्के. खाडीकाठच्या १० हेक्टर कांदळवनाचे कागदावर ११.२ हेक्टर होतात. तेच यूटीएममध्ये मोजलं तर इथे चूक ०.०५ टक्क्याच्याही आत राहते. आणि अंशातल्या लेयरवर मोजलं तर उत्तर येतं ०.०००००८६, चौरस अंशात. फील्डला, म्हणजे उत्तराच्या रकान्याला, दशांश कमी ठेवले असतील तर सरळ शून्य.

बफरमध्ये गोष्ट उलटी फिरते. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, नियमांत १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा बफर (राखीव पट्टा) लागतो. ३८५७ मध्ये काढलेला ५० चा बफर जमिनीवर जेमतेम ४७ मीटर भरतो. तीन मीटर म्हणजे काय ते ज्याचा प्लॉट त्या रेषेवर आहे त्याला विचारा. हे काम आकड्यांचं असलं तरी त्या रेषेच्या एका बाजूला कांदळवन असतं आणि दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी घर, हे विसरू नका.

क्यूजीआयएसमध्ये आणखी एक बारीक फरक आहे. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये ‘डॉलर एरिया’ लिहिलं तर प्रोजेक्टमध्ये निवडलेल्या एलिप्सॉइडवर, म्हणजे पृथ्वीच्या किंचित चपट्या गोलावर, हिशेब होतो. ‘एरिया’ फंक्शनला भूमिती दिली तर लेयरच्या सीआरएसमध्ये सपाट हिशेब होतो. म्हणजे एकाच ३८५७ लेयरवर एक उत्तर १० हेक्टर, दुसरं ११.२. दोघेजण दोन पद्धतींनी मोजतात आणि दिवसभर एकमेकांवर संशय घेतात. उपाय साधा आहे: काम सुरू करतानाच सगळे लेयर ३२६४३ मध्ये रिप्रोजेक्ट करून नव्या नावाने सेव्ह करा, नावातच आकडा ठेवा, मोजमाप फक्त त्यावर करा.

‘प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत) नंतर बघू, आधी टूल्स शिका’ असं सांगणारा शिक्षक बदला. हे माझं ठाम मत आहे. प्रमाणपत्राच्या झटपट कोर्सपेक्षा देहरादूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम नेटाने पूर्ण करा, त्यांना शुल्कही लागत नाही. आणि ऑफिसात गुरू निवडायचा तर क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) टेबलावरचा निवडा, जो फाइल उघडल्यावर नकाशाआधी मेटाडेटा, म्हणजे फाइलबद्दलची माहिती, वाचतो.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर (भूरूप नकाशावर) काम आलं तर हाच सापळा डेटमच्या, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजले त्याच्या, रूपाने येतो. जुन्या शीट एव्हरेस्ट डेटम आणि पॉलिकोनिक प्रोजेक्शनवरच्या, तर २००५ च्या नकाशा धोरणानंतरच्या ओपन सीरिजच्या शीट डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवरच्या. समासातले अक्षांश-रेखांश थेट ४३२६ समजून टाकले तर आख्खा नकाशा शेजारच्या गल्लीत सरकतो. शीटचा आधी मार्जिन वाचा. ७३ अंशाची रेषा नवी मुंबईतून जाते, त्यामुळे वाशी ४७ ए/१६ मध्ये आणि बेलापूर ४७ ई/४ मध्ये येतं. दोन्ही शीट मागवायला विसरू नका. जिओरेफरन्सिंगला (स्कॅन केलेला नकाशा जागेवर बसवायला) पहिल्या ऑर्डरच्या पॉलिनोमियलसाठी, म्हणजे सगळ्यात साध्या सूत्रासाठी, किमान ३ जीसीपी (जागा माहीत असलेले बिंदू) पुरतात, पण नेमके ३ दिले की आरएमएसई (सरासरी चूक) शून्यच येते. त्या शून्याला काही अर्थ नाही, कारण तपासायला एकही जादा बिंदू उरलेला नसतो. १० तरी द्या, चारही कोपऱ्यांत पसरून.

पिक्सेलबद्दल थोडक्यात. फाइलमधला पिक्सेल आणि सेन्सरने खरोखर पाहिलेला तुकडा एकच असेल असं नाही. लँडसॅट ८ या उपग्रहाचा थर्मल (उष्णतेचा) बँड १०० मीटरवर टिपला जातो आणि ३० मीटरवर रिसॅम्पल होऊन, म्हणजे नव्या आकाराच्या पिक्सेलमध्ये बसवून, हातात येतो; त्यावरून एका सोसायटीचं तापमान सांगू नका. सेंटिनेल-२ या उपग्रहाचे १० मीटरचे बँड चारच: २, ३, ४ आणि ८. भारतीय उपग्रहांवरच्या कॅमेऱ्यांत लिस-३ चे २३.५ मीटर, लिस-४ चे ५.८. नाल्याकाठची आठ मीटर रुंद कांदळवनाची पट्टी सेंटिनेलमध्ये मिश्र पिक्सेल होणार, तिथे लिस-४ घ्या. वर्गीकरण झालेला रास्टर रिसॅम्पल करताना निअरेस्ट नेबरच (जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा घेणारी पद्धत) वापरा. शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढणारा बायलिनिअर दिला तर वर्ग १ आणि वर्ग ५ च्या मधोमध वर्ग ३ जन्माला येतो.

हिरवाई मोजणाऱ्या एनडीव्हीआयचं सूत्र सगळ्यांना येतं, त्यात लागणाऱ्या निअर इन्फ्रारेड आणि रेड बँडचे क्रमांक चुकतात. लँडसॅट ५ आणि ७ ला ४ व ३, लँडसॅट ८ आणि ९ ला ५ व ४, सेंटिनेल-२ ला ८ व ४. सेंटिनेलमध्ये २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रियेत डीएनमध्ये (पिक्सेलच्या कच्च्या आकड्यात) १००० ची भर असते. ती वजा केली नाही तर निअर इन्फ्रारेड ४००० आणि रेड १५०० वरून एनडीव्हीआय ०.४५ येतो, खरा असतो ०.७१. काही पोर्टल ही वजाबाकी आधीच करून देतात, म्हणून दोनदाही करू नका. २०२१ आणि २०२३ ची तुलना करून ‘हिरवाई घटली’ असा अहवाल देण्याआधी एवढं बघाच.

खाडीसाठी शेवटची सूचना. उपग्रह इथून जातो सकाळी अकराच्या सुमारास, पण भरती-ओहोटी रोज पुढे सरकते. ओहोटीच्या चित्रात दिसणारा चिखलपट्टा भरतीच्या चित्रात पाणी असतो. दोन वर्षांची तुलना करताना ढग बघता तसं भरतीचं वेळापत्रकही बघा, पाण्याची उंची जवळपास सारखी असलेल्या तारखा निवडा. जून ते सप्टेंबर ऑप्टिकल चित्रं फारशी मिळत नाहीत. तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार घ्या. ढगातून ते पाहतं, मात्र इमारतींजवळ डबल बाउन्समुळे (लहर जमीन आणि भिंत अशी दोनदा आपटून परत येते) भलतं उजळ दिसतं. हे सगळं एकदम जमत नाही, जमण्याची गरजही नाही. पहिल्या महिन्यात फक्त प्रत्येक लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन सीआरएस, एकक, पिक्सेलचा आकार आणि चित्राची तारीख-वेळ वहीत उतरवत जा.