वन्यजीव बसफेरीची वेळ ठरवताना: तयारीची यादी

सगळ्यात आधी सूर्योदय आणि सूर्यास्ताची वेळ काढा. ज्या तारखेला जाणार त्या तारखेची, आणि ज्या जंगलात जाणार तिथली. आपल्या गावातली नव्हे. हे दोन आकडे कागदावर आल्याशिवाय बुकिंगला हात लावू नका. सकाळचे सहा सगळीकडे सारखे नसतात. गीर आणि काझीरंगा यांच्यात सुमारे 22 रेखांशांचं अंतर आहे. एका रेखांशाला 4 मिनिटं धरली तर जवळजवळ दीड तास झाला, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. काझीरंग्यात ऊन वर आलेलं असतं तेव्हा गीरमध्ये जेमतेम फटफटत असतं. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तिथे हिशेब आणखी सरकतो. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश अगदी थोडा वेळ टिकतो. उत्तरेकडे तो रेंगाळतो.

आता यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तिकिटावरची वेळ ही बस सुटायची वेळ असते, जनावरं दिसायची नव्हे. मधे माणसं गोळा करणं आलं, फाटकावर ओळखपत्रं तपासणं आलं, डांबरी रस्त्याचा मोठा टप्पा आला. म्हणून बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा: बस जनावरांच्या पट्ट्यात किती वाजता पोचते? ‘साधारण लवकरच’ हे उत्तर नव्हे. वेळ सांगा म्हणावं. गेल्या वेळी नेमकं हेच विचारायचं राहिलं, आणि पहाटेच्या बसचं तिकीट असूनही जंगलात शिरेपर्यंत उन्हं चढली होती.

उन्हं चढली की काय होतं ते सांगते. हरणांचा कळप चरणं थांबवून सावलीत बसतो आणि रवंथ करतो. झुडपांत ठिपक्यांचं ऊन पडलेलं, त्यात ठिपक्यांचं चितळ. बसच्या खिडकीतून हलताना दिसतो तो फक्त माशी उडवणारा एक कान. अख्खं जनावर शोधणाऱ्याला तो कानही दिसत नाही. वाघ-बिबटे तर तोवर कुठेतरी गर्द सावलीत आडवे झालेले असतात. मांजर कुळातल्या प्राण्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, अंधुक उजेडात त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं, त्यामुळे त्यांची कामाची वेळ वेगळी. उजाडताना आणि दिवेलागणीच्या आधी त्यांची वेळ आणि आपली नजर, दोन्ही थोडा वेळ जुळतात. पकडायचा आहे तो हाच वेळ, आणि तो तेव्हा पकडता येतो जेव्हा बस आधीच आत असते. आत. फाटकाच्या रांगेत नव्हे.

आणि मधला थांबा कधी आहे तेही त्याच फोनवर विचारून घ्या. जंगलात पोचल्यावर पहिल्या तासात चहा-नाश्त्याला वीस-पंचवीस मिनिटं गेली तर पहाटे उठून उपयोग काय झाला? थांबा नंतर असलेली फेरी निवडा.

पहाटच चांगली, हा नियम डोळे मिटून मानू नका. काय पाहायचंय त्यावर ठरवा. गिधाडं आणि गरुड जमीन तापून गरम हवा वर चढायला लागली की आकाशात उंच घिरट्या घालतात. त्यांच्यासाठी सकाळ उलटू द्यावी लागते. थंडीत मगरी ऊन खायला काठावर येतात, त्याही उशिराच. कडक उन्हाळ्यात हत्ती भर दुपारी पाण्यावर येतात, आणि वाघ तर पाण्यात बसकण मारतो. म्हणजे उन्हाळ्यात बसच्या वाटेवर पाणवठा असेल तर दुपारची फेरी मुळीच कमी नाही. फक्त त्या पाणवठ्यावर बस कधी पोचते ते विचारा. पुन्हा तोच प्रश्न, हो. थंडीत धुकं पडत असेल तर पहिल्या बसमधून पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही, तेव्हा दुसरी बस घ्या.

फार उत्तरेला गणित वेगळं. अलास्कातल्या डेनाली राष्ट्रीय उद्यानात जूनमध्ये 20 तासांहून जास्त उजेड असतो, त्यामुळे अंधाराआधी परतायची घाई नाही. पण तिथे उन्हाळ्यात उद्यानातल्या रस्त्याच्या पहिल्या 15 मैलांपुढे खासगी गाडी नेता येत नाही, बसच. फेऱ्याही लांबलचक, कित्येक तासांच्या. तिथे ‘कुठली बस’ यापेक्षा ‘कुठल्या टप्प्यावर किती वाजता’ हे विचारणं जास्त गरजेचं.

संध्याकाळच्या फेरीचा एक धोका आहे. बस ठरल्या वेळी फाटकाबाहेर पडावीच लागते, म्हणून शेवटचा भाग बहुतेक वेळा सुसाट जातो, आणि नेमका तेव्हाच उजेड उत्तम असतो. परतीचा प्रवास कधी सुरू होतो तेही विचारा. सकाळ-संध्याकाळ दोन्ही जमत असेल तर सकाळ घ्या. रात्रभर त्या रस्त्यावर गाडी फिरलेली नसते, मातीत पावलांचे ठसे ताजे असतात, आणि चालक-वाटाड्याला त्यावरून बरंच कळतं. त्यातही पहिली बस. चार बस पुढे गेल्यावर रस्त्याकडेचे प्राणी आत सरकलेले असतात.

बसायची बाजू. सकाळी बस उत्तरेकडे चालली असेल तर ऊन उजवीकडून येतं, म्हणून डावीकडे बसा. नाहीतर काचेवर चकाकी आणि जनावर नुसतं काळं दिसतं. त्याच रस्त्याने परत येणार असाल तर बाजू उलटते, पण तोवर ऊन वर आलेलं असतं, चालतं.

राहिलेलं पटकन. दुर्बीण, पाणी, मळकट रंगाचे कपडे, पहाटेसाठी एक स्वेटर. भडक अत्तर नको. दुपारच्या फेरीत लांबचे फोटो तापलेल्या हवेत थरथरतात, जवळचेच काढा. आदल्या रात्री बस निघायची जागा नकाशावर पाहून ठेवा. बस लागत असेल तर गोळी बसमध्ये चढल्यावर नव्हे, निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या.