जंगलातल्या डबीच्या शोधाला निघण्यापूर्वी

जिओकॅशिंगसाठी जंगलात घालवायच्या दिवसाची सुरुवात आदल्या संध्याकाळी घरातच होते, कारण पन्हाळ्यावरून खाली उतरून मसाई पठाराच्या वाटेला लागले, की मोबाइलची रेंज भरवशाची राहत नाही आणि विसरलेली वस्तू मिळवून देणारे दुकान मागे गडावरच राहिलेले असते. एखाद्याने झाडाच्या ढोलीत किंवा दगडाच्या कपारीत डबी ठेवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी जीपीएसच्या मदतीने ती शोधून, आतल्या नोंदवहीत सही करून, होती तशी पुन्हा ठेवायची, असा हा साधा खेळ आहे. पुढे लिहिलेली तयारी कोल्हापूरच्या पश्चिमेकडील डोंगरउतारांसाठी आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांसाठी आहे. पावसाळ्यात याच वाटा निसरड्या आणि जळवांच्या असतात, त्यामुळे नवख्यांनी तेव्हा हा बेत आखू नये.

पहिले काम डबी निवडण्याचे. आपल्याकडे युरोप-अमेरिकेसारखा डब्यांचा सुकाळ नाही, म्हणून नकाशावर खूण दिसली की निघालो, असे करू नये. खेळाच्या संकेतस्थळावर त्या डबीचे जे पान असते, त्यावर आधीच्या शोधकांनी केलेल्या नोंदी तारखेसह वाचाव्यात. शेवटच्या दोन-तीन जणांना ती सापडलेली नसेल, तर बहुधा ती वाहून गेलेली किंवा कोणी उचललेली असते आणि तिच्यासाठी लहान मुलांना चार किलोमीटर चालवणे बरे नव्हे. शोधण्याची अवघडता आणि वाटेची अवघडता यांना १ ते ५ असे वेगवेगळे अंक दिलेले असतात. मुले किंवा वडीलधारी माणसे सोबत असतील, तर दुसऱ्या अंकाकडे अधिक लक्ष द्यावे. डबीचा आकारही पाहून ठेवावा. सर्वांत लहान प्रकारात १०० मिलिलिटरपेक्षा कमी जागा असते, म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी डोळ्यांसमोर आणावी. आपण जेवणाच्या डब्याएवढे काही शोधत राहिलो, तर अशी डबी हाताशी असूनही दिसत नाही.

अक्षांश-रेखांश उतरवून घेताना जी चूक सर्रास होते, तिच्याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. या खेळात अंश आणि दशांश मिनिटे अशी पद्धत वापरतात, म्हणजे मिनिटाचा उरलेला भाग सेकंदांत न लिहिता दशांशात लिहितात. समजा, १६ अंश ४८.५१२ मिनिटे असा अक्षांश आहे. घाईत पुष्कळ जण तो १६ अंश, ४८ मिनिटे, ५१.२ सेकंद असा भरतात, आणि एवढ्या एका गैरसमजाने माणूस नेमक्या जागेपासून सुमारे ६३० मीटर उत्तरेला जाऊन पोहोचतो. डोंगरउतारावर ६३० मीटर म्हणजे कधी कधी मधली पूर्ण दरी असते. उलट, शेवटच्या आकड्यातील एकाचा फरक अक्षांशात जेमतेम १.८ मीटरचा असतो, तेव्हा त्यावरून जागेवर वाद घालण्यात अर्थ नाही. आकडे कागदावर लिहून घ्यावेत, दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घेऊन ताडून पाहावेत आणि तो कागद खिशात ठेवावा.

फोनवर त्या भागाचा नकाशा, डबीचे वर्णन आणि सूचक ओळ हे सर्व घरच्या वायफायवर उतरवून ठेवावे. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की फोन आपली जागा काढतो. म्हणून रेंज नसलेल्या भागात फोन एअरप्लेन मोडवर ठेवून जीपीएस तेवढे चालू ठेवले, तर बॅटरी बरीच टिकते. पॉवर बँक पूर्ण चार्ज करावी आणि तिची केबल त्याच पिशवीत आहे ना, हे हात लावून पाहावे. मोकळ्या आकाशाखाली फोनची अचूकता पाच मीटरच्या आसपास असते, परंतु जांभूळ-अंजनीच्या दाट सावलीत संकेत पानांत अडतात, कड्यांवर आपटून वळसा घेऊन येतात आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी फिरू लागतो. अशा वेळी बाणामागे धावू नये. फोन एक-दोन मिनिटे स्थिर धरावा, दहा-पंधरा पावलांचे वर्तुळ मनाशी आखावे आणि फोन खिशात टाकून डोळ्यांनी शोध सुरू करावा.

आता पेन्सिलीविषयी सविस्तर लिहितो, कारण यादीत हीच वस्तू सर्वांत क्षुल्लक दिसते. गेल्या हिवाळ्यात भाच्यासोबत पन्हाळ्याच्या बाजूच्या एका उतारावर पाऊण तास शोधल्यानंतर मुळांच्या बेचक्यात, एका चपट्या दगडामागे आम्हाला बोटाएवढी डबी मिळाली. झाकण उघडले, तेव्हा आतल्या कागदाची सुरळी आतल्या भिंतीला चिकटलेली होती आणि ओल धरल्यामुळे तिच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. बोटे आत जाईनात. भाच्याने करवंदीचा काटा मोडून सुरळी बाहेर काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा कडेचा नखाएवढा तुकडा फाटला आणि त्यावर असलेले कोणाचे तरी नाव गेले. पुढे माझे बॉलपेन त्या दमट कागदावर नुसते ओरखडे उठवीत राहिले. त्या फाटलेल्या नावाचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून टोक केलेल्या दोन पेन्सिली, एक चिमटा, कोऱ्या कागदाच्या दोन-तीन पट्ट्या आणि झिप असलेल्या लहान प्लास्टिक पिशव्या एवढे साहित्य एका पाउचमध्ये कायमचे ठेवलेले असते. पेन्सिल ओलसर कागदावरही उमटते आणि तिची अक्षरे पाण्याने पसरत नाहीत. या खेळाचा उगमही हेच सांगतो. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनमधील रानात एक बादली ठेवली, तिच्यात नोंदवही आणि पेन्सिल दोन्ही होत्या.

त्याच बादलीत घेवड्याचा एक सीलबंद डबाही होता. आज मात्र डबीत खाण्याचा पदार्थ ठेवायचा नाही, असा नियम आहे आणि आपल्या रानात तो काटेकोरपणे पाळायला हवा, कारण गोळी-चॉकलेटच्या वासाने मुंग्या आणि उंदरांपासून माकडांपर्यंत सगळे त्या डबीवर तुटून पडतात. मोठ्या डबीतून एखादी वस्तू घेतली, तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची वस्तू आपण ठेवायची असते. त्यासाठी मुलांना आदल्या रात्री आपल्या हाताने निवड करू द्यावी. काचेच्या गोट्या, रंगीत मणी किंवा कोल्हापुरी चपलेची छोटी कीचेन असे काही चालते.

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ असावेत. याच दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा वाळून त्यांची लव उडत असते आणि ती उघड्या हातांना लागली, की दिवसभर दुसरे काही सुचत नाही. घोट्याच्या वर येणारे बूट आणि एक हातभर लांबीची मजबूत काठी घ्यावी. कपारीत हात घालण्यापूर्वी टॉर्चच्या उजेडात आत पाहावे, काठीने हलकेच चाळवावे आणि मगच, तोही हातमोजे घातलेला हात पुढे करावा, कारण फुरसे आणि घोणस यांनाही नेमक्या अशाच जागा आवडतात. दंश झालाच, तर आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. दंश झालेला अवयव हलू न देता १०८ क्रमांकावर फोन करावा आणि थेट रुग्णालय गाठावे. हे सर्वांना निघण्यापूर्वी तोंडी सांगून ठेवावे. अत्तर आणि सुवासिक तेल लावू नये. कड्याखाली आग्या मोहोळ दिसले, तर ती डबी सोडून द्यावी. समोर गवा आला, विशेषतः एकटा नर असेल, तर फोटोसाठी थांबू नये, आवाज न करता मागे सरून दुसरी वाट धरावी.

यादीत बसत नसली, तरी माणसांची तयारी मला या सर्वांहून मोलाची वाटते. हातात यंत्र घेऊन दगड-मुळांभोवती घुटमळणारी परकी माणसे दिसली, की आपल्या खेड्यांत पहिली शंका गुप्तधनाची येते आणि ती येण्याला कारणेही आहेत. म्हणून वाडीत शिरताच भेटणाऱ्या गुराख्याला किंवा शेतकऱ्याला ‘रामराम मामा’ म्हणून आपण काय शोधतो आहोत ते फोनवर दाखवून सांगावे, खजिना हा शब्द मुलांनाही वापरू देऊ नये आणि खुरपे-कुदळ यांपैकी काहीही सोबत नेऊ नये. डबी पुरून ठेवायची नाही, असा या खेळाचा नियमच आहे, त्यामुळे उकरण्याची वेळ येत नाही. आकडे देवराईत नेऊन सोडत असतील, तर तेथील वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय आत जाऊ नये आणि शेंदूर लावलेल्या दगडाला हात लावू नये. पन्हाळा २०२५ पासून जागतिक वारसास्थळांत आहे, तेथील तटबंदीच्या चिऱ्यांत बोटे घालून काही शोधणे सर्वथा गैर. राधानगरी अभयारण्यात प्रवेश परवान्यानेच मिळतो, ठरलेली वाट सोडता येत नाही आणि तेथे स्वतःची डबी ठेवण्याचा विचारही करू नये.

पाणी माणशी दोन लिटर घ्यावे. जेवणाला भाकरी, ठेचा, कांदा आणि वर गूळ-शेंगदाणे पुरेसे होतात. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी न्यावी आणि आपला तर आणावाच, वाटेत दिसेल तो इतरांचाही तिच्यात भरून आणावा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारते, म्हणून चार वाजता परत फिरायचे हे सकाळीच ठरवावे, मग डबी सापडो न सापडो. कोणत्या वाटेने जातो आणि किती वाजेपर्यंत परततो, ते घरी चिठ्ठीवर लिहून ठेवावे.

परतल्यावर त्याच रात्री नोंद करावी. सापडली नसेल, तरी ‘सापडली नाही’ असे लिहावे, कारण डबी ठेवणाऱ्याला आणि आपल्यामागून येणाऱ्याला त्याचाच उपयोग होतो. कागद भिजला असल्यास किंवा झाकण सैल असल्यास तेही कळवावे, जागेचा फोटो मात्र टाकू नये. मग पाउच उघडून चिमटा पुसावा, संपलेल्या कागदाच्या पट्ट्या पुन्हा भराव्यात आणि पेन्सिलींना टोक करून ठेवावे.