मशिनला 'बरी आहेस का' विचारू नका, खराब नग दाखवा

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं शॉप आहे. कास्टिंगमधले ब्लो होल, म्हणजे ओतकामात गॅसमुळे राहिलेली भोकं, शोधायला एक कॅमेरा, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आणि आम्हीच शिकवलेलं एआय मॉडेल बसवलंय. खराब नग दिसला की एअर सिलिंडर तो बाजूला ढकलतो, माणूस लागत नाही. एकदा काचेवर ग्राइंडिंगची धूळ बसली आणि हे मॉडेल तीन तास सगळा माल 'ओके' करत बसला. खात्री प्रत्येक नगावर नव्वद टक्क्यांच्या वर! गिऱ्हाइकाकडून पेटी परत आली तेव्हा कळलं.

पहिलं काम सोपं, वॉचडॉग चालू करा. तो रास्पबेरी पायच्या चिपमध्येच असतो. साधारण 15 सेकंदांत प्रोग्रामकडून 'जिवंत आहे' असा निरोप आला नाही की बोर्ड रिस्टार्ट होतो. फक्त हा निरोप कॅमेऱ्याची नवी फ्रेम मॉडेलमधून गेल्यावरच पाठवा. नुसत्या टायमरवर ठेवलात तर कॅमेरा अडकलेला असतानाही निरोप जातच राहतो.

पण वॉचडॉगला धूळ कळत नाही. त्यासाठी मास्टर पीस. गेज तपासायला आपण मास्टर वापरतोच की, तसाच ठरलेला खराब नग दर अर्ध्या तासाला कॅमेऱ्यासमोर आणायचा. तो पकडला नाही, तर मागच्या अर्ध्या तासाचा माल अडवून ठेवायचा. इथं मी एक शहाणपणा केला होता. नग मालात मिसळू नये म्हणून त्याला लाल ऑइलपेंट मारला. मॉडेल दरवेळी पकडायचं, आम्ही खूश. नंतर मुद्दाम काचेला ग्रीस फासून बघितलं तरी पकडलं. ते ब्लो होल बघतच नव्हतं, लाल रंग बघत होतं! आता खूण पंचनं, खालच्या बाजूला.

आता दुरुस्ती. आधी काचेवर हवेचा फवारा, मग प्रोग्राम रिस्टार्ट, मग मागचं चाललेलं मॉडेल परत लोड. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा मास्टर पीस. तिन्ही करून जमलं नाही तर लाइन बंद आणि हूटर. ही मर्यादा घातली नव्हती तेव्हा एका रात्रीत चाळीसेक रिस्टार्ट झाले होते, सकाळपर्यंत कुणाला पत्ता नाही.

प्रत्येक रिस्टार्टआधी कारण आणि शेवटची फ्रेम पेनड्राइव्हवर उतरवा. 1997 साली मंगळावर नासाचं पाथफाइंडर यान असंच सारखं रिसेट होत होतं. वॉचडॉगनं यान वाचवलं, पण खरा दोष, कामांच्या प्राधान्याचा घोळ, इंजिनिअरांनी पृथ्वीवर तसंच घडवून, नोंदी बघून शोधला आणि दुरुस्ती वर पाठवली.

एक गोष्ट मात्र सिस्टिमच्या हातात देऊ नका: पास-नापासची रेषा. रिजेक्शन वाढलं की ती आपोआप सैल करायची सोय मी ठेवली होती. आठवड्यात रिजेक्शन जवळजवळ शून्य! मिस्त्री म्हणाले, "मालक, फौंड्री सुधारली का आपला कॅमेरा बिघडला?"

आता रिजेक्शनसाठी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यासारखे दोन आकडे ठेवलेत. तिथं पंचगंगेचं पाणी 39 फुटांना गेलं की इशारा, 43 ला धोका. तसं आमच्यात पहिल्या आकड्याला माझ्या मोबाइलवर मेसेज येतो आणि दुसऱ्याला लाइन थांबते. दोन्ही आकडे मिस्त्रींच्या वहीत लिहिलेत, आणि बदलायचा पासवर्डही त्यांच्याकडेच.