पेजमेकर-कोरलमध्ये अडकलेलं स्वतःचं काम बाहेर कसं काढायचं

सॉफ्टवेअर बदललं की क्लायंटचं काम कसंही करून नव्यात जातंच, त्यामागे डेडलाइन असते, बिल असतं. मागे राहतं ते आपलं स्वतःचं, म्हणजे रात्री जागून काढलेली अक्षरं, दिवाळीची ग्रीटिंगं, मित्राच्या कवितांचं अर्धवट लावलेलं पुस्तक. मला ह्याच कामाची जास्त काळजी वाटते म्हणून लिहितोय. डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायच्या काळात सुरुवात केलेल्या प्रत्येकाकडे अशा फाइली असणारच.

पहिल्यांदा पेजमेकर ह्या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली घ्या, तिथला रस्ता सगळ्यात अरुंद झालाय. शेवटचं व्हर्जन 7 आलं 2001 मध्ये, आणि त्या फाइली पेजमेकरची जागा घेणाऱ्या इनडिझाइनच्या सीएस6 व्हर्जनपर्यंतच उघडतात, पुढच्या सीसीत नाही. त्यामुळे सीएस6 किंवा त्याआधीचं, पण सीएस4 च्या खालचं नाही, असं इनडिझाइन असलेलं मशीन शोधा, ओळखीच्या जुन्या प्रेसमध्ये बऱ्याचदा मिळतं, तिथे फाइल उघडून आयडीएमएल (नव्या इनडिझाइनमध्येही उघडणारा फॉरमॅट, सीएस4 च्या खाली तो निघत नाही) काढा, सोबत पीडीएफ पण काढा आणि निघताना फॉन्टचं फोल्डर उचलायला विसरू नका. टाइप वन ह्या जुन्या पद्धतीचे फॉन्ट असतील तर अ‍ॅडोबीने त्यांचा सपोर्ट जानेवारी 2023 पासून काढून टाकलाय, म्हणून ती पीडीएफ फार महत्त्वाची, पान मुळात कसं दिसत होतं ते तिच्यातच कळतं.

आता मजकूर. इथे घाई नको. जुन्या मराठी फॉन्टमध्ये आपली अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असायची, म्हणून फॉन्ट नसला की सगळा गिचमिड कचरा दिसतो. कन्व्हर्टरमधून त्याचं युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे वाचता येणारा मजकूर, होतं पण नंतर वाचायलाच लागतं, आणि चुका ठरलेल्या ठिकाणी होतात. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते, आणि रफारचं बरोबर उलटं. म्हणजे जिथे दोन्ही एकत्र येतात, आर्थिक, वार्षिक, मार्मिक, तिथे हमखास गडबड. दुसरं म्हणजे दुसऱ्या, वाऱ्यावर मधला अर्धा र. कन्व्हर्टरने त्याचा रफार केला तर दऱ्यांचा दर्या होतो आणि स्पेलचेक काही बोलत नाही कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. कवितेत हे चालणारच नाही, म्हणून मी पीडीएफ शेजारी उघडून ओळ न ओळ ताडून बघतो.

मजकूर लावताना इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरी नीट जुळवणारी सेटिंग) निवडा, इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइपमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करून साउथ एशियन कंपोझर घ्या, नाहीतर वेलांट्या भलतीकडे आणि जोडाक्षरं सुटी. भाषा मराठी ठेवा, काही फॉन्टांमध्ये आपला ल आणि श वेगळा दिलेला असतो तो तेव्हाच येतो.

कोरलड्रॉ ह्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधलं लेटरिंग, म्हणजे काढलेली अक्षरं, सोपं आहे. फाइलची कॉपी करा, कॉपीत कंट्रोल क्यू मारून अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे फॉन्ट नसला तरी दिसणारे आकार, करा, एसव्हीजी काढा. एसव्हीजी खुला फॉरमॅट आहे, इंकस्केप, इलस्ट्रेटर, ब्राउझर कशातही उघडतो. ग्रेडियंट, सावल्या कधीकधी बिघडतात म्हणून एक मोठी पीएनजी पण. मूळ फाइल डिलीट करू नका, अजिबात. कागदावरची स्केचेस 600 डीपीआयला स्कॅन करून टिफमध्ये ठेवा.

नवीन पर्सनल काम कशात करायचं? माझं मत पक्कं आहे, जे भाडं भरून वापरावं लागतं त्यात नाही. अ‍ॅडोबीने 2013 पासून नवी व्हर्जनं फक्त सबस्क्रिप्शनवर द्यायला सुरुवात केली, ऑफिसात ठीक आहे, ऑफिस भरतं. पण स्वतःची अक्षरं महिन्याच्या हप्त्यावर कशाला ठेवायची? इंकस्केप फुकट आहे, देवनागरी नीट जुळवतं. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या फॉन्ट बनवणाऱ्यांचे ‘मुक्त’, ‘बलू’ घ्या, ओपन लायसन्स असल्यामुळे प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच कॉपी ठेवता येते. मी सध्या जुन्या फाइलींमधली हाताने काढलेली अक्षरं फॉन्टफोर्ज ह्या फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेतोय, पूर्ण फॉन्ट व्हायला वेळ लागेल पण अ ते ज्ञ आत्ताच टाइप होतंय आणि भारी वाटतंय.

फाइलच्या नावात साल, सॉफ्टवेअरचं व्हर्जन आणि फॉन्टचं नाव टाका, आणि एक कॉपी घराबाहेरच्या हार्डडिस्कवर असू द्या.