हत्यार कायद्याची केस: अटकेपासून शिक्षेपर्यंत घरच्यांनी काय तपासावं

घरातल्या मुलाकडे गावठी कट्टा सापडला, त्याला उचललंय, असा फोन आला की सगळे एकच विचारतात: किती वर्षं लागतील? याचं उत्तर कोणतं पोटकलम लागलंय यावर ठरतं. एफआयआरमध्ये बरेचदा नुसतं ‘भारतीय हत्यार कायदा कलम ३, २५’ एवढंच असतं आणि २५ च्या पोटात अगदी वेगवेगळ्या शिक्षा आहेत. म्हणून आधी एफआयआरची प्रत मिळवा, मग रिमांड अर्ज (पोलिसांनी कोठडी मागताना कोर्टात दिलेला कागद) वाचा.

विनापरवाना साधं अग्निशस्त्र किंवा काडतूस नुसतं जवळ बाळगलं, तर कलम २५(१बी)(ए). डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर यात किमान २ वर्षं, जास्तीत जास्त ५ वर्षं आणि दंड. गुन्हा त्याआधीचा असेल तर जुनी शिक्षा लागते, म्हणजे १ ते ३ वर्षं. खटले रेंगाळतात, त्यामुळे अशी जुनी प्रकरणं अजूनही कोर्टात सुनावणीला येतात. तारीख जरूर पाहा. हत्यार ‘प्रतिबंधित’ वर्गातलं निघालं तर २५(१ए): किमान ७, जास्तीत जास्त १४ वर्षं. बनवणं किंवा विकणं असेल तर २५(१): ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. वापर केला तर कलम २७ वेगळं. मुंबईत सोबत महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७(१) आणि १३५ जवळजवळ नेहमीच जोडलं जातं. ते मनाई आदेशाच्या भंगाचं आहे, त्याची शिक्षा १ वर्षापर्यंत. ते पाहून घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. पुढे सुटकेच्या वेळी ते आडवं येऊ शकतं.

इथे एक घोळ हमखास होतो. बातमीत आणि पंचनाम्यातही ‘ऑटोमॅटिक पिस्तूल’ लिहिलेलं असतं. कायद्यातलं ऑटोमॅटिक म्हणजे घोडा दाबून धरला की मॅगझीन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहणारं हत्यार. एका दाबाला एकच गोळी सोडणारं पिस्तूल या व्याख्येत बसत नाही. २५(१ए) लावलं असेल तर हत्यार प्रतिबंधित वर्गात कोणत्या आधारावर घातलं, हे वकिलांकडून विचारून घ्या. या एका मुद्द्यावर किमान शिक्षा २ वर्षं की ७ वर्षं हे ठरतं.

पहिले २४ तास. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला कळेल अशा भाषेत मिळायला हवीत, घरच्यांना कळवायला हवं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायला हवं. पोलीस ठाणं कुठलं त्यावरून किल्ला कोर्ट, वांद्रे, अंधेरी, कुर्ला, बोरिवली असं ठरतं, तेव्हा ठाण्यातूनच कोर्टाचं नाव विचारून घ्या. वकिलाला पैसे नसतील तर लाजू नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या रिमांडला हजर असलेला साधा वकील हा तिसऱ्या तारखेला आलेल्या नामवंत वकिलापेक्षा जास्त कामाचा. आरोपीला अंगावर मार असेल तर ते मॅजिस्ट्रेटसमोर त्याच दिवशी सांगायला लावा, कारण उशिरा सांगितलेलं कोणी धरत नाही.

केसचा खरा कस पंचनाम्यात लागतो. चार्जशीटसोबत प्रत मिळाली की ती पेन्सिल घेऊन ओळीओळीने वाचा. वेळ, जागा, दोन पंच, हत्यार नेमकं कुठून काढलं: कमरेतून, सॅकमधून की माळ्यावरून. नळीची लांबी, मुठीचा रंग, मॅगझीन आहे की नाही. काडतुसं किती आणि त्यांच्या बुडावर काय कोरलंय, ‘के.एफ. ७.६५’ असं पुष्कळदा लिहिलेलं दिसतं. आता हेच वर्णन कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेच्या बॅलिस्टिक अहवालाशी (हत्यार आणि काडतुसांच्या तपासणीचा अहवाल) ताडून पाहा. समजा पंचनाम्यात ४ जिवंत काडतुसं आहेत. प्रयोगशाळेने चाचणीसाठी २ उडवली, तर अहवालात २ पुंगळ्या आणि २ जिवंत असा हिशेब यायला हवा. तो जुळत नसेल किंवा बुडावरचा मजकूर वेगळा असेल, तर तपासलेला मुद्देमाल जप्त केलेलाच होता का, हा प्रश्न उभा राहतो. सील जागेवरच लावलं का, लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का, मुद्देमाल रजिस्टरची नोंद कोणत्या तारखेची, कलिन्याला नेणारा हवालदार साक्षीदार आहे का, हेही बघा. हत्यार बिनसीलचं ठाण्यात पडून राहिलं असेल तर सरकारी बाजू तिथेच ढिली पडते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण करून ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं असतं. ते चित्रण मागा. घटनास्थळाच्या आसपासच्या दुकानाचं किंवा सोसायटीचं सीसीटीव्ही तुम्हाला उपयोगी पडणारं असेल तर लगेच लेखी अर्ज करा. बहुतेक यंत्रांत जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं आणि महिन्याभराने केलेल्या अर्जाचा उपयोग होत नाही.

कायद्याला नुसतं सापडणं पुरत नाही, जाणीवपूर्वक ताबा लागतो. हत्यार आहे हे माहीत असणं आणि त्यावर आपलं नियंत्रण असणं, दोन्ही. चौघे राहतात त्या खोलीत माळ्यावर सापडलेलं हत्यार कोणाचं, हे पोलिसांनी सिद्ध करायचं असतं. विमानतळाची प्रकरणं याच मुद्द्यावर सुटतात: परवानाधारक नातेवाइकाची बॅग उसनी घेतली, तिच्या कप्प्यात एक काडतूस राहिलं, स्कॅनरमध्ये दिसलं आणि सहार पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. अशा वेळी त्या नातेवाइकाच्या परवान्याची प्रत आणि त्याचं प्रतिज्ञापत्र ताबडतोब जमवा. काडतूस नजरचुकीने राहिलं हे कागदावरून दिसत असेल तर उच्च न्यायालयाने गुन्हे रद्द केलेले आहेत. मात्र गोंधळून ‘मला माहीत होतं, काढायचं राहिलं’ असं पोलिसांजवळ बोलू नका, विशेषतः ते खरं नसताना.

आणखी एक कागद विसरला जातो. हत्यार कायद्याच्या कलम ३ च्या, म्हणजे विनापरवाना हत्यार बाळगण्याच्या गुन्ह्याचा खटला चालवायला कलम ३९ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. मुंबईत तो अधिकार पोलीस आयुक्तांकडे किंवा नेमून दिलेल्या उपायुक्तांकडे असतो. मंजुरीचा आदेश चार्जशीटमध्ये आहे का, त्यावरची तारीख कोणती, बॅलिस्टिक अहवाल येण्याआधीच छापील मजकुरावर सही झालीय का, हे तपासा. यावर बचाव पक्षाने केसेस जिंकल्या आहेत.

जामिनाबद्दल. गुन्हा अजामीनपात्र आहे, तरी २५(१बी) मध्ये मॅजिस्ट्रेट जामीन देऊ शकतात. शिक्षा ७ वर्षांच्या आत असल्याने अटकच गरजेची होती का, हेही विचारता येतं. साठ दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, पण तो मागावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी सकाळीच अर्ज टाका. तुमच्या अर्जाआधी चार्जशीट दाखल झाली तर हक्क गेला. जामीनदाराचं रेशन कार्ड, पगाराची स्लिप, पत्त्याचा पुरावा आधीच तयार ठेवा. आदेश होऊनही कागदांअभावी ऑर्थर रोड तुरुंगात आठवडे काढणारे लोक आहेत. त्यात जुने गुन्हे असतील आणि मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लागला, तर वरचं जामिनाचं गणित विसरा, तिथे अट फार कडक आहे.

शिक्षेची वेळ आली तर किमान २ वर्षांखाली यायला न्यायालयाला ‘पुरेशी आणि विशेष कारणं’ निकालपत्रात लिहावी लागतात. ‘लहान मुलं आहेत, दया करा’ एवढ्याने भागत नाही. पहिलाच गुन्हा, वय, आजाराची कागदपत्रं, नोकरी, जामिनावर असताना एकही तारीख न चुकवणं, हे लेखी द्या. वरच्या टोकाला नाव आणि पैसाही कामी येत नाही: १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेते संजय दत्त टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली सुटले, पण हत्यार कायद्याखाली ६ वर्षांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती ५ वर्षांवर आणली आणि ती भोगावी लागली.

कच्च्या कैदेतले दिवस शिक्षेतून वजा होतात, त्याचा दाखला तुरुंगातून मागून घ्या. खटला लांबला तर कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि आधी कधीच शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटकेचा अर्ज करता येतो. ५ वर्षांच्या कलमात म्हणजे २० महिने. एकापेक्षा जास्त गुन्हे आहेत म्हणून सरकारी वकील इथे हरकत घेऊ शकतात. ते १३५ कलम इथे आडवं येतं. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात अपील ३० दिवसांत. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल, तर निकाल देणाऱ्या कोर्टाकडेच त्याच दिवशी शिक्षा स्थगितीचा अर्ज द्या. तो अर्ज टाइप करून, जामीनदाराला सोबत घेऊनच निकालाला जा.