जंगलकाठच्या वावरात अंबाडी लावताय? या चुका टाळा

"अंबाडीले काय लागते जी, फेकली का येते." नागपूर जिल्ह्यात उमरेडपासून पारशिवनीपर्यंत कुठल्याही गावात विचारा, हेच उत्तर मिळेल. त्यात खोटं काही नाही. तुरीच्या कडेने, धुऱ्यावर (बांधावर) मूठभर बी टाकलं की घरच्या भाजीपुरती अंबाडी येतेच. पण लाल बोंडांना सरबतासाठी, जॅमसाठी, वाळवून चहासाठी गिऱ्हाईक मिळायला लागल्यापासून लोक जंगलाला चिकटून पडीक राहिलेले अर्धा-एक एकराचे तुकडे अंबाडीखाली आणू लागले आहेत, आणि तिथे हिशेब चुकतो. कुठे झाड गुडघ्याएवढं असतानाच फुलतं, कुठे उंच काडी होते पण बोंडच धरत नाही, कुठे सकाळी जाऊन पाहावं तर ओळीच्या ओळी शेंड्यावरून छाटलेल्या. अशा वेळी दोष बियाण्याला आणि खताला दिला जातो. माझं मत वेगळं आहे: जंगलकाठच्या तुकड्यात बहुतेक वेळा जागाच नीट पाहिलेली नसते.

मे महिन्यात जागा पसंत करणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती करताना मनात शंकाही येत नाही. नागपूरच्या आसपासचं जंगल म्हणजे मुख्यतः साग, जोडीला ऐन, धावडा, तेंदू, मोह. उन्हाळ्यात साग बोडका असतो. मेच्या दुपारी तुकड्यात उभं राहिलं तर डोक्यावर नुसतं ऊन, सावलीचं नाव नाही. माणूस म्हणतो, मोकळी जागा आहे, लावून टाकू. पाऊस पडला की त्याच सागाला सुपाएवढी पानं फुटतात आणि ऑगस्टपर्यंत तुकड्याचा एक मोठा पट्टा दिवसभर सावलीत जातो. अंबाडीला पूर्ण ऊन लागतं. सावलीत ती उजेडाकडे ताणत जाते, खोड बारीक राहतं, फांद्या फुटत नाहीत, आणि पहिल्या वाऱ्याला आडवी होते.

यात सूर्याचीही एक गंमत आहे. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण 21 अंशांवर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली पायातच राहते. बोंडं भरण्याची वेळ मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरची. तोवर सूर्य चांगलाच दक्षिणेला कललेला असतो. ऑक्टोबरअखेर 12 मीटर उंचीच्या सागाची सावली भर दुपारीसुद्धा उत्तरेकडे 8 मीटरच्या आसपास पडते, सकाळ-संध्याकाळ तर विचारूच नका. म्हणून तुकड्याच्या दक्षिणेला जंगल असेल तर त्या बाजूच्या पट्ट्यात बोंडाची अंबाडी लावू नये, तिथे फार तर भाजीची लावावी. उत्तरेला जंगल असेल तर अडचण बरीच कमी. झाडांची मुळं वावरात घुसून ओल ओढतात तो भाग वेगळाच. पावसाने आठवडाभर दडी मारली की जंगलाकडच्या दोन-तीन ओळी आधी माना टाकतात, मधल्या ओळी तशाच उभ्या. हे दिसलं तर तो रोग समजून फवारणी करू नका.

सातबारा न पाहता रान साफ करणं

विदर्भात हा विषय नाजूक आहे. "बापजाद्यांपासून आमची गुरं इथंच चरतात" म्हणून जमीन आपली होत नाही. राखीव वनात नवी जागा तोडून पेरणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 खाली गुन्हा आहे. महसुली कागदावर 'झुडपी जंगल' लिहिलं असेल तर जास्तच सांभाळा. ती फक्त झुडपं असलेली सरकारी पडीक जमीन आहे असं वर्षानुवर्षं समजलं गेलं, पण 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीनच धरल्या. वनहक्काचा दावा 2006 च्या कायद्याखाली करता येतो, पण त्यासाठी 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा लागतो. यंदा साफ केलेला कोपरा त्यात बसत नाही. तलाठ्याकडून नकाशा काढा, मोजणी करून घ्या, मग नांगर घाला.

आडबाजूच्या तुकड्याला दुसरीही एक जोखीम असते. कोणीतरी येतो, "तुम्ही काही करू नका, फक्त जागा द्या" म्हणतो, आणि तुरीच्या नाहीतर पऱ्हाटीच्या (कापसाच्या) ओळींत गांजा निघतो. अमली पदार्थ कायदा, 1985 प्रमाणे गांजाच्या लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आपल्या जमिनीवर अशी लागवड असल्याचं कळलं तर तशी खबर देणं हे त्याच कायद्याच्या कलम 46 ने जमीनधारकाचं कर्तव्य ठरवलं आहे. म्हणजे 'मला काय करायचं' म्हणून गप्प बसण्याचीसुद्धा सोय नाही. ठेक्याने दिलेला तुकडा असला तरी महिन्यातून एकदा स्वतः फिरून यावं.

पान पाहून घाबरणं, नाहीतर उपटून टाकणं

हिरव्या अंबाडीचं पान खरंच गांजासारखं दिसतं, इतकं की तिच्या शास्त्रीय नावातच त्याची खूण आहे: हिबिस्कस कॅनाबिनस. शहरातून आलेला पाहुणा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो आणि मग गावभर चर्चा. फरक ओळखणं सोपं आहे. अंबाडीचं पान एकच असतं, पंजासारखं खोलवर कापलेलं, पण देठाशी सगळी बोटं जोडलेली. गांजाची पात्यं देठापर्यंत सुटी असतात. अंबाडीच्या खोडावर बारीक काटे असतात, हात फिरवला की कळतात. आणि ऑक्टोबरात तर प्रश्नच उरत नाही: अंबाडीला भेंडीसारखं मोठं, पिवळसर, आत गडद लाल डोळा असलेलं फूल येतं. गांजाला तसं पाकळ्यांचं फूल येतच नाही.

इथेच बियाण्याची निवड चुकते. हिरवी अंबाडी वाखासाठी, म्हणजे सालीच्या धाग्यासाठी, दोराच्या कामाची. सरबताची जाड, आंबट, लालभडक बोंडं येतात ती दुसऱ्या जातीला, हिबिस्कस सबडारिफाला, जिला आपण लाल अंबाडी म्हणतो. बाजारात दोन्हींचं बी 'अंबाडी' म्हणूनच मिळतं. ज्याच्याकडून घ्याल त्याच्या घरची वाळलेली बोंडं आधी पाहा. शिवाय अंबाडीचं बी तेलकट असतं आणि जुनं झालं की उगवण पडते. शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्या आणि पाचव्या दिवशी मोजाव्या. सत्तरच्या आत उगवल्या तर पेरणी दाट करा किंवा बी बदला.

"सोयाबीन आटोपू द्या, मग पाहू"

मजूर मिळत नाहीत, आधी पऱ्हाटी, मग सोयाबीन, आणि अंबाडी ऑगस्टवर ढकलली जाते. अंबाडीला फुलं कधी येणार हे तिच्या वयावर कमी आणि दिवसाच्या लांबीवर जास्त ठरतं. नागपुरात 21 जूनला दिवस जवळपास साडेतेरा तासांचा असतो आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर बारा तासांवर येतो. दिवस साडेबारा तासांच्या खाली घसरले की अंबाडी कळी धरायला लागते, मग ती माणसाएवढी असो की गुडघ्याएवढी. जूनमध्ये पेरलेलं झाड तोवर फांद्यांनी भरलेलं असतं. ऑगस्टात पेरलेल्याला वाढायला महिना-दीड महिनाच मिळतो, म्हणून ते बुटकं राहून चार-पाच बोंडांवर आटोपतं. त्यावर युरिया टाकून काही होत नाही. उलट जूनच्या झाडाला नत्र जास्त झालं तर पानंच माजतात आणि बोंडं कमी लागतात.

फार्महाऊसच्या फाटकापाशी रात्रभर दिवा जळत असेल आणि त्याखालच्या ओळी बाकीच्यांपेक्षा उशिरा फुलत असतील तर कारण हेच. झाडाला रात्र कळतच नाही.

बोंडासाठी दोन ओळींत आणि दोन झाडांत दोन ते तीन फूट अंतर ठेवा. वाखासाठी उलट दाटी हवी, फुटाच्या ओळी आणि चार-पाच बोटांवर झाड, म्हणजे फांद्या न फुटता सरळ काडी मिळते. एकाच तुकड्यात दोन्ही साधायला गेलं की दोन्ही हुकतात.

पाणी

जंगलाकडून उतार वावरात येत असेल तर पावसाळ्यात तिथलं सगळं पाणी तुमच्याकडे येतं. काळ्या जमिनीत ते साचतं, तुकडा चिबडतो आणि रोपं पिवळी पडतात. अंबाडी कोरडवाहू पीक आहे, रोपवयात तिला बुडालेली मुळं सोसत नाहीत. याच साचलेल्या पाण्यात फायटोफ्थोरा नावाची बुरशी खोडाला जमिनीलगत काळं करते. झाड वरून हिरवं दिसत असतानाच मान टाकतं आणि ओढलं की सालटं हातात येतं. एकदा खोड काळं पडलं की ते झाड गेलं. उपटून बाहेर न्या, आणि जंगलाच्या बाजूने आडवा चर काढा. तो चर जूनच्या आधी काढलेला असेल तर पुढचं बरंच टळतं. काळ्या जमिनीत सरी-वरंब्यावरच पेरा. मुरमाड, बरड जमिनीत ही भानगड नाही, तिथे ओल टिकवायची काळजी.

"काटे आहेत, जनावर तोंड लावत नाही"

लावतं. चितळ आणि रोही (नीलगाय) कोवळे शेंडे आवडीने खातात. रानडुक्कर मुळाशी उकरतं. जुलै-ऑगस्टात चितळाने शेंडा खुडला तर बोंडाच्या अंबाडीचं फारसं बिघडत नाही, खालून फांद्या फुटतात, कधी तर बोंडं वाढतात. वाखाची काडी मात्र तिथेच वाया गेली. सप्टेंबरनंतर शेंडे गेले तर भरून निघायला वेळ नाही.

कुंपणात घरची वीज सोडणं हा उपाय नाही. त्याने माणसं मेली आहेत, विदर्भात वाघही मेले आहेत आणि शेतकरी तुरुंगात गेले आहेत. सौर कुंपणाचा झटका तुटक-तुटक असतो, तो हाकलतो, मारत नाही. त्यासाठी वनविभागाच्या जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं, चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करा. कुंपणाच्या तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत जातो. 'मशीन बिघडली' म्हणणाऱ्यांनी आधी तारेखालचं निंदण करून पाहावं. नुकसान झालंच तर त्याच दिवशी फोटो काढा आणि लगेच अर्ज करा, पीक सावरल्यावर पंचनाम्यात दाखवायला काही उरत नाही.

एक गोष्ट पिकापेक्षा महत्त्वाची. ऑक्टोबरात अंबाडी डोक्याच्या वर जाते आणि उमरेड-कऱ्हांडला, पेंच, बोर या वाघांच्या जंगलांच्या बाजूंना त्या दाटीत काय बसलंय ते बाहेरून दिसत नाही. जंगलाच्या आणि पिकाच्या मध्ये दहा-बारा फुटांचा पट्टा साफ ठेवा. तोडणीला एकट्याने जाऊ नका, पहाटे किंवा दिवेलागणीला तर नाहीच. खाली वाकून, बसून काम करणारा माणूस वाघ-बिबट्याला माणसासारखा दिसत नाही. बोलत, आवाज करत आत शिरा.

पऱ्हाटीचे पाहुणे

अंबाडी, कापूस, भेंडी हे एकाच कुळातले. त्यामुळे शेजारच्या पऱ्हाटीवर जे असतं ते इकडेही येतं: तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, गुलाबी बोंडअळीसुद्धा. रोपाच्या पानांना छर्रे मारल्यासारखी बारीक भोकं दिसली तर तो पिसू भुंगेरा, रोप वितीएवढं झालं की त्याचा फारसा त्रास राहत नाही. नुसत्या शिरा पिवळ्या आणि मधलं पान हिरवं असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला मोझॅक रोग. अख्खं पान, तेही खालचंच पिवळं असेल तर नत्र कमी किंवा पाणी जास्त. शेंड्यात पांढरा कापूस आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली की पिठ्या ढेकूण आलाच समजा, तो शेंडा तोडून जाळावा. बोंडं आणि पानं थेट खाण्यात जाणार आहेत, तेव्हा पऱ्हाटीचं औषध उरलंय म्हणून इकडे फवारू नका. पऱ्हाटीवर फवारताना वाराही पाहा.

तोडणी लांबवणं

फूल गळल्यावर दोन-तीन आठवड्यांत बोंड तोडलं पाहिजे. तेव्हा लाल पाकळी (फुलाची नव्हे, बोंडाभोवतीचं लाल आवरण) जाड, रसदार असते आणि नखाने चटकन तुटते. थांबलात तर आतली बी-बोंडी टणक होते आणि वरची पाकळी चिवट, कागदासारखी. झाडावर एकाच वेळी फूल, कोवळं बोंड आणि निबर बोंड असतं, म्हणून एकदाच कापून आणण्यापेक्षा आठवड्याला एक फेरी बरी. आतल्या बोंडीवर बारीक कूस असते, ती हाताला लागली की दिवसभर खाज. जुने सुती हातमोजे घाला. पाकळ्या कडक उन्हात नव्हे, सावलीत जाळीवर वाळवा, म्हणजे रंग टिकतो. दहा किलो ओल्या पाकळ्यांची साधारण किलोभर सुकी होते, भाव ठरवताना हे धरा. सरबत ॲल्युमिनियमच्या किंवा बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात उकळू नका, आंबट रस धातू उतरवतो.

वाख काढायचा असेल तर निम्मी झाडं फुलली की कापा. काड्यांच्या पेंढ्या पाण्यात भिजत घालायच्या, पण गुरं पितात त्या तळ्यात किंवा मासे सोडलेल्या बोडीत नको. काड्या कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. ऑक्टोबरच्या कोमट पाण्यात दोन आठवड्यांच्या आत-बाहेर काम होतं, डिसेंबरच्या थंडीत बरंच लांबतं. दहाव्या दिवसापासून रोज एक काडी बुडाकडून सोलून पाहावी. वाख काडीपासून अलगद सुटला की त्याच दिवशी पेंढ्या बाहेर काढा. आणखी चार दिवस ठेवलं तर तो पांढराशुभ्र दिसतो खरा, पण कासरा वळायला घेतला की तुटतो.

बियाण्यासाठी तुकड्याच्या मधली, उन्हातली दहा-बारा निरोगी झाडं आधीच चिंधी बांधून राखून ठेवा आणि त्यांची बोंडं तोडू नका. जंगलाकडच्या ओळीतलं बी घेऊ नये.