दोनशे तास नुसते मोजू नका

डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, कमर्शियल लायसन्स हवं तर किमान २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन. फ्लाइंग स्कूलमध्ये येणारा प्रत्येक जण हा आकडा पाठ करून येतो. त्या तासांत काय भरायचं, हे मात्र फार थोडे विचारतात.

मी तांबरमला हवाई दलाच्या शाळेत इन्स्ट्रक्टरचा कोर्स केला, हवाई दलात कॅडेट शिकवले आणि निवृत्तीनंतर आता सेसना-१७२ वर मुलं शिकवतो. दोन्हीकडची मुलं सारखीच हुशार आहेत. पण हवाई दलात प्रत्येक सॉर्टीला (उड्डाणाला) नेमका व्यायाम ठरलेला असतो, त्याचे गुण लागतात आणि दिलेल्या संधीत जमलं नाही तर कॅडेटचं उड्डाण कायमचं थांबतं. इथे जमलं नाही तर वडील आणखी तासांचे पैसे भरतात. म्हणून ती शिस्त तुम्हाला स्वतःच आणावी लागेल.

आदल्या रात्री खुर्चीत बसून उद्याची सॉर्टी उडवा. हात प्रत्यक्ष हलवा, चेक्स मोठ्यानं म्हणा. डुंडीगलला, हवाई दलाच्या अकादमीत, सकाळच्या ब्रीफिंगमध्ये कुणालाही उभं करून एखादी इमर्जन्सी विचारतात. टेक-ऑफनंतर तीनशे फुटांवर इंजिन बंद पडलं तर? नाक खाली, वेग सांभाळ, समोरच जागा बघ, धावपट्टीकडे वळू नको. हे उत्तर देताना जो अडखळला, त्याला मी त्या दिवशी विमानात बसू दिलं नाही. तुम्ही दोघे-तिघे मित्र मिळून रोज सकाळी एकमेकांना असंच विचारा.

सगळ्यात जास्त वाया जातो तो आवर बिल्डिंगचा, म्हणजे लायसन्ससाठी तास भरून काढण्याचा काळ. मुलं एकटी निघतात, सरळ जातात, सरळ येतात, लॉगबुकात दोन तास लिहितात. तसं करू नका. इंजिन सुरू करण्याआधी नी-पॅडवर (मांडीला बांधायच्या वहीवर) एक ओळ लिहा: आज उंची पन्नास फुटांच्या आत धरायची, किंवा आज प्रत्येक लँडिंग ठरवलेल्याच खुणेवर. उतरल्यावर त्याखाली खरं काय झालं ते लिहा आणि इन्स्ट्रक्टरला दाखवा. 'बरं झालं' हा डिब्रीफ, म्हणजे उड्डाणानंतरचा आढावा, नव्हे. किती फूट चुकलं, कुठे चुकलं, तेव्हा नजर कुठे होती, हे विचारून घ्या.

स्पिन, म्हणजे हवेतली पकड सुटून विमान गिरक्या घेत खाली येणं, कॅडेटला सुरुवातीलाच दाखवतात. फ्लाइंग स्कूलमध्ये कित्येकांचं लायसन्स होतं, पण स्पिन पाहिलेला नसतो. मला याची खरोखर काळजी वाटते. विमानाचं मॅन्युअल परवानगी देत असेल, वजन त्या मर्यादेत असेल आणि शिकवणारा इन्स्ट्रक्टर शेजारी असेल, तर आग्रहानं मागून घ्या. त्यातून बाहेर पडायला थ्रॉटल मागे, एलेरॉन (पंखांवरच्या हलत्या फळ्या) मध्यावर, गिरकीच्या विरुद्ध रडर (शेपटीवरचं सुकाणू) पूर्ण, मग स्टिक पुढे. एकट्यानं कधीही नाही.

काही गोष्टी मात्र सिव्हिलमध्येच जास्त चांगल्या शिकता येतात. कॅडेटमागे स्क्वॉड्रनची सगळी यंत्रणा उभी असते, तुम्हाला हवामान, इंधन, वजन स्वतः बघावं लागतं. बारामतीचं विमानतळ सुमारे दोन हजार फुटांवर आहे. मे महिन्यात पारा चाळिशीला गेला की विमानाला ती हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ लागते. धावपट्टी किती पुरेल हे दर वेळी कागदावर काढा. तीनशे नॉटिकल मैलांच्या क्रॉस कंट्रीचा (लांब पल्ल्याच्या उड्डाणाचा) आराखडाही कुणाचा उतरवून घेऊ नका.

पुढे एअरलाइनला जायचं असेल तर आतापासून मनातलं बोलून दाखवायची सवय लावा. एकट्यानं लढाऊ विमान उडवलेल्या अनुभवी वैमानिकांनाही शेजारच्या सहवैमानिकाला विचारात घेणं नव्यानं शिकावं लागतं.

आणि हवाई दलाचं स्वप्न अजून मनात असेल तर पदवी पूर्ण करा. एफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून फ्लाइंग ब्रँचसाठी वय २० ते २४ लागतं, चालू कमर्शियल लायसन्स असेल तर २६ पर्यंत सवलत आहे. वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, त्यामुळे झोप पूर्ण करून, ताज्या डोक्यानं जा.